एकशे तेराच्या पुढे

माझ्या खुर्चीत एक अनोळखी माणूस बसला होता, आणि चक्क माझाच चहा पीत होता! मी दारातच थिजले.

"तुमचा होता?" तो गडबडून उठला. "गार होत होता हो... वाईट वाटलं."

हे म्हणे गणिताचे नवे लेखक. आम्ही शाळेची पुस्तकं छापतो, आणि त्यातल्या चुका पकडणं हे माझं काम. मग काय, प्रुफं घेऊन स्वारी रोज हजर. मी त्यांना तोंडावर 'गणोबा' म्हणायची, ते कानापर्यंत लाल व्हायचे. पण कामापलीकडे चकार शब्द नाही! मला ते आवडायला लागले होते आणि इकडे आत्याने एक स्थळ आणलं होतं. "संध्याकाळपर्यंत हो की नाही ते सांग बाई," तिने सकाळीच बजावलं होतं.

आज शेवटची प्रुफं. उद्यापासून गणोबा येणार नव्हते.

'१२३४५६७ ही मूळ संख्या आहे. एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेही भाग जात नाही.' मी सवयीने भागून बघत गेले, आणि मला घामच फुटला. एकशे सत्तावीस गुणिले नऊ हजार सातशे एकवीस. बाकी शून्य!

"अहो, जातोय की भाग!"

त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "अशक्य! एकशे तेरापर्यंत सगळ्या मूळ संख्यांनी भागून पाहिलंय मी."

"वर्गमूळ अकराशेच्या वर आहे. एकशे तेराला थांबलात?"

"पुढे एकशे सव्वीसपर्यंत एकही मूळ संख्या भेटेना. म्हटलं... नाद सोडावा."

"उंबऱ्यावरून परत फिरलात?"

"मी असाच आहे," ते खाली बघत म्हणाले. "ही संख्या तुमच्यावरून घेतली होती. सरळ चढत जाणारी... आणि कुणालाही दाद न देणारी."

मी उडालेच. "मी? मी दाद देत नाही?"

"रोज चुका काढता. धीर गोळा करून येतो, शब्द ओठांवर येतात, आणि —"

फोन वाजला. आत्या. "काय ठरलं गं?"

"त्यांना नाही सांग, आत्या," मी म्हणाले. "मला इथले एक जण आवडतात."

हे मी बोलले? मी? शेजारच्या टेबलावरचे चित्रकार काका आ वासून बघत राहिले. गणोबांच्या हातातून पेन गळून पडलं.

"अगं बाई!" आत्याला कंठ फुटला. "करतो काय तो?"

"चुका," मी म्हटलं.

तेवढ्यात माझ्या हातातून फोन गेला. "आत्या... नमस्कार. मीच तो." आवाज थरथरत होता, पण थांबला नाही. "मला यांच्याशी लग्न करायचंय. म्हणजे... यांनी हो म्हटलं तर."

फोनमधून आत्या काहीतरी ओरडत होती. ते माझ्याकडे बघत होते.

"हो," मी म्हणाले. "हो म्हणतेय ना! आता आधी ते पान दुरुस्त करा."