चौथी प्रत

"नवी नवरी आहे, छान म्हणून टाका. रडली तर पुढच्या शुक्रवारी पॅटिस कोण आणणार?"

कश्मिराताईंचं हे वाक्य माझ्यासाठी नव्हतं. मी बेसिनपाशी हात धूत होते, आणि त्यांच्या जिदहफ्सच्या फ्लॅटची दारं पातळ आहेत.

लग्न होऊन बहारीनला आले त्याला चार महिने झाले होते. आपलं लिहिलेलं वाचून कुणीतरी खरं सांगावं, एवढ्यासाठीच मी या कथामंडळात आले. रीत साधी होती. ज्याची कथा, त्याने प्रत्येकाच्या नावाची प्रत आणायची आणि मोठ्याने वाचायची. बाकीच्यांनी पेन्सिलीने खुणा करून प्रत परत द्यायची. व्हॉट्सॲप ग्रुपवर माझ्याशिवाय चार नावं होती: कश्मिरा, जयप्रकाश, ओस्विन, सेलिन. माझ्या नवऱ्याने, गौरवने, ऑफिसात चार प्रती छापून दिल्या. सेलिन दिसली नाही. येईल उशिरा, म्हणून तिची प्रत रिकाम्या खुर्चीवर ठेवली.

दुपारचे चार. उन्हामुळे पडदे ओढलेले. माझ्या कथेत नवी नवरी विमानतळावर उतरते, नवरा फुलं घेऊन उभा असतो, तिला आनंद होतो. समोर जयप्रकाशकाका पॅटिस चावत तेलकट बोटं माझ्या पानांना पुसत होते. ओस्विन मोबाइलमध्ये. तरी पेन्सिलीची करकर ऐकू येत होती... सलग, घाईघाईने. बरं वाटलं, कुणीतरी मनावर घेतंय.

मग वास आला. ओहोटीला तुबलीच्या खाडीला येतो तसा कुजका, त्यात फिनेल मिसळलेलं. एसीचं पाणी साचलं असेल, म्हटलं.

"छान," काका म्हणाले.

"छानच गं," कश्मिराताई.

"एक नंबर," ओस्विनने मान वर न करता सांगितलं.

तिघांच्या प्रतींवर तेलाचे डाग होते. रेघ एकही नाही. पेन्सिली पेल्यात तशाच, नव्या टोकांच्या.

चौथी प्रत उचलली, तर ती ओली, जड. बोटांना बुळबुळीत काहीतरी चिकटलं. कडेला एक लांब केस. पण समासात बारीक अक्षर गच्च भरलं होतं, आणि 'तिला आनंद झाला'च्या खाली लिहिलं होतं: "खोटं. 'ती परतीच्या विमानांच्या वेळा वाचत उभी राहिली', हे का खोडलंस?"

ते वाक्य मी घरी, वहीत खोडलं होतं. छापताना गौरव वाचेल म्हणून. ते कुणीच पाहिलं नव्हतं.

"सेलिन... कोण?"

ओस्विनने मोबाइल खाली ठेवला.

"नर्स होती. वसईची," ओस्विन म्हणाला. "रमझानमध्ये वारली. ग्रुपमधून नंबर काढायचा राहिला..."

"तसं आपण तिला आधीच बोलवेनासे झालो होतो," काका पुटपुटले. "फार लागेल असं बोलायची."

कश्मिराताईंनी ओढणी नाकाला लावली. "टाक ते, हात धू. तुझी कथा खरंच छान आहे गं..."

तो शब्द मला त्या बुळबुळीतपणाहून जास्त किळसवाणा वाटला. रिकाम्या खुर्चीची गादी दबलेली होती. मागे नाही, अगदी पुढच्या कडेला. कुणी नीट ऐकू यावं म्हणून सरकून बसावं तशी.

मी ओली पानं छातीशी धरली.

"पुढच्या शुक्रवारी," मी म्हटलं, "मी एकच प्रत आणणार आहे."