चाक मागितलं तर द्यावं

चौक गावच्या ढाब्यासमोर रूपाच्या सायकलीचं पुढचं टायर फाटलं, तेव्हा सकाळचे सव्वासात वाजले होते आणि नऊला तिला कर्जतच्या लॅबमध्ये लोकांचं रक्त काढायला हजर व्हायचं होतं. नुसतं पंक्चर असतं तर तिनं पाच मिनिटांत काढलं असतं. पण टायर कडेनं असं उसवलं होतं, की आतली ट्यूब बाहेर डोकावत होती. रामभाऊंचं सायकलीचं दुकान समोरच होतं. ते दहाशिवाय उघडत नसे.

"चाक देऊ?"

तिनं वर पाहिलं. सायकल धरून एक तरुण उभा. घामानं भिजलेले केस, कपाळावर चिखलाचा एक ठिपका, आणि आवाज असा, की जणू बँकेत कुणी पेन पुढे करावं.

"आणि तुम्ही?"

"मी चहा घेतो. मग टमटम बघतो. कर्जतलाच जायचंय."

"ओळख ना पाळख, चाक कसलं देताय?"

"तुमच्या सायकल मंडळात कालच नाव घातलं. वहीत पहिलाच नियम आहे, चाक मागितलं तर द्यावं."

"मी मागितलं कुठे?"

"मग मागा की..."

रूपाला हसू आवरेना. ती वही तिच्याच अक्षरात होती. मंडळाची चिटणीस तीच. तो नियम शर्यतीतला आहे, रस्त्यावरचा नाही, असं तिनं बजावलं. शर्यतच समजू, तो म्हणाला. मग तुम्ही हरलात, ती म्हणाली.

"ते दिसतंच आहे," तो म्हणाला — आणि हे म्हणताना सायकलीकडे बघत नव्हता.

त्याचं नाव योगेंद्र. कर्जतला बापाची वाळू-सिमेंटची वखार. रूपा पोशीरची. घरी भाताची थोडी शेती, आणि शाळेपासून सायकल. तिचं फाटकं चाक त्या सकाळी त्याच्याकडे गेलं. ते साधं चाक नव्हतं. रामभाऊंच्या हाताखाली बसून तिनं स्वतः बांधलेलं ते पहिलं चाक. बत्तीस स्पोक एकेक करून ओवलेले, दोन रविवार खर्ची घालून सरळ केलेले. त्यानं नवं टायर चढवलं, रविवारी तेच लावून आला, आणि म्हणाला, "छान पळतं हे. राहू दे माझ्याकडे थोडे दिवस."

थोडे दिवस म्हणजे वर्ष झालं. तिच्या सायकलीला पुढे त्याचं चाक, त्याच्या सायकलीला तिचं. मंडळातले विचारीत, तुमची चाकं बदलली का रं? दोघंही नाही म्हणत. उल्हास नदीच्या पुलावर थांबून एका बाटलीतलं पाणी प्यायचं, चढावर तिनं पुढे काढायचं, उतारावर त्यानं गाठायचं. गाठलं की तो तिच्या पुढच्या चाकाकडे बोट करायचा — "माझं बरं आहे ना?" — आणि ती म्हणायची, "चाक बरं आहे. मालकाचं बघावं लागेल." प्रेमाचा शब्द मात्र दोघांपैकी कुणी काढला नव्हता. घाई कसली होती...

पुढच्या जुलैत योगेंद्र नवी सायकल घेऊन आला. डिस्क ब्रेकची. रबराचे गुटके रिमला चिमटायचे, ते नाहीत. चाकाच्या मध्याशी पोलादी तबकडी, आणि आरपार जाडजूड दांडा. मंडळाच्या शर्यतीत असली सायकल चालत नव्हती. चालू द्यावी, असा त्याचा अर्ज आला.

एरवी रूपानं अर्ज वाचून मत ठरवलं असतं. तिनं सायकलच मागून घेतली. भर पावसात चौकच्या उतारावर ती सोडली आणि एका बोटानं ब्रेक दाबला. जिथं तिची स्वतःची सायकल ओल्या रिमवरचं पाणी पुसत वीस हात पुढे गेली असती, तिथं ही थांबली. आदल्या वर्षी याच उतारावर एकाचं हासळीचं हाड मोडलं होतं. ब्रेक चांगला आहे, यात वाद नव्हता.

वाद दुसरीकडे होता. रामभाऊ मंडळाचे अध्यक्ष, शर्यतीत मागून चाकांचा टेंपो तेच आणत. सभेत ते म्हणाले, "ब्रेक झ्याक हाय, मी नाय म्हनत नाय. पन एकाचं चाक दुसऱ्याला बसनार नाय, तर मंडळ कशापायी काढलं आपन?"

हात वर झाले. सहा बाजूनं, सहा विरुद्ध. राहिली चिटणीस.

योगेंद्रनं आदल्या दिवशीच पुलावर तिला गाठलं होतं. ही शर्यत तिच्यासाठी काय आहे, हे त्याला ठाऊक होतं. बायकांत पहिली येईल तिला पुण्याच्या वर्षभराच्या शिबिरात जागा; वयाची अट पंचविशीची, आणि रूपाला पंचविसावं सरत आलेलं. पुन्हा संधी नव्हती.

"तुला वाटतं ना, वाटेत चाक गेलं तर माझं तुला बसणार नाही?" तो म्हणाला होता. "तुझं चाक जुन्या सायकलीला आहे अजून. ते काढून मी स्वतः टेंपोत ठेवीन. तू बांधलेलं. मग तर झालं?"

तिनं त्याच्याकडे पाहिलं होतं. त्यानं तिच्या ओल्या बाहीवरचं गवताचं पातं काढून नदीत टाकलं होतं.

सभेत रूपानं बाजूनं हात वर केला.

शर्यत सप्टेंबरअखेर. चौकहून निघून कर्जत, नेरळ, कळंब, आणि फिरून चौक. बायका-पुरुष एकत्रच सुटले. पोशीरला रस्त्याच्या कडेला तिची आई पुतळाबाई शेजारणी घेऊन उभी होती. रूपा बायकांत पहिली जाताना तिनं पदर हलवला. कर्जत मागे पडलं. खोपोलीची हर्षला दोन मिनिटं मागं होती. पावसाची भुरभुर सुरू झाली. नऊ किलोमीटर उरले असताना तिच्या पुढच्या चाकातून फस्स आवाज आला — योगेंद्रच्या चाकातून.

तो बरोबरच होता. जागच्या जागी थांबला. उतरला, वाकला, आणि सवयीनं हात आपल्या पुढच्या चाकाकडे गेला. मग तिथंच अडला. दोघंही त्या तबकडीकडे बघत राहिले. पंक्चर काढायला पाच मिनिटं, आणि हर्षला दोन मिनिटांवर.

"टेंपो येतोय," तो म्हणाला.

मिनिटभरात आला. यंदा टेंपोतल्या निम्म्या आकड्यांना डिस्कची चाकं होती. रिमची दोन राहिली होती, ती रामभाऊंनी नेरळलाच देऊन टाकलेली.

"माझं चाक आहे ना, भाऊ," रूपा म्हणाली. "योगेंद्रनं ठेवलेलं."

रामभाऊंनी योगेंद्रकडे पाहिलं.

"ते... रूपा, जुनी सायकल गेल्या महिन्यात पनवेलच्या एकाला विकली. मोबाइलवर जाहिरात टाकली होती, दोन तासांत आला तो. घाईत... त्यातच गेलं ते. मी सांगणार होतो."

टेंपोच्या टपावर पाऊस वाजत होता. पुढचे चौघे वळणाआड चालले होते. योगेंद्रची नजर एकदा तिकडे गेली. एकदाच, पण रूपाचा धंदा शीर शोधण्याचा, तिला तेवढं पुरलं.

"तू जा," ती म्हणाली. "तुझी शर्यत आहे."

तो नको म्हणेल, असं तिला क्षणभर वाटलं. त्यानं तोंड उघडलंही. मग पाय पेडलवर ठेवला आणि गेला.

हर्षला आली. वेग कमी करून तिनं विचारलं, "देऊ का गं?" तिची सायकल रिमची होती. नियमाप्रमाणं मागितलं असतं तर तिला द्यावंच लागलं असतं, आणि त्याबरोबर शिबिरातली जागाही. रूपानं मान हलवली. हर्षला क्षणभर थबकली आणि निघाली.

पुण्याची जागा हर्षलाला मिळाली. योगेंद्र तिसरा आला.

पुढच्या रविवारी सभा भरली. डिस्कवर बंदी घाला, असं या खेपेला दहा जण म्हणत होते, आणि सगळे चिटणीसबाईंकडे बघत होते. रूपा म्हणाली, ब्रेकचा काही दोष नाही. पावसात कुणाची हाडं वाचत असतील तर ते राहू द्यात. काढायचाच तर पहिला नियम काढा.

"त्यो कसा काढायचा गं?" रामभाऊंचा आवाज चिरकला. "मंडळ त्याच्यावर हाय."

"चाक बसत नाही आता, भाऊ. खोटा नियम वहीत नको."

तिनं पट्टी ठेवून ओळ खोडली आणि खाली लिहिलं : प्रत्येकाने आपले चाक आपण आणावे.

बाहेर योगेंद्र उभा होता. हातात कोरं, महागडं चाक, तिच्यासाठी. तिनं ते फिरवून पाहिलं. तसूभरही डुलत नव्हतं. चांगलं आहे, ती म्हणाली, आणि ते नेऊन टेंपोच्या रिकाम्या आकड्याला अडकवलं. मग स्वतःच्या सायकलीचं पुढचं चाक सोडवलं. पंक्चर काढलेलं, पुसलेलं. ते त्याच्या हातात दिलं.

"रूपा," तो म्हणाला, "मला तू आवडतेस. त्या दिवसापासून... ढाब्यापासून. आधीच बोलायला हवं होतं."

"हो," ती म्हणाली. "जुनी सायकल ज्यानं घेतली, त्याचं नाव काय?"

त्यानं चाक या हातातून त्या हातात घेतलं.

"नाव... विचारलं नाही."

रूपानं मान डोलावली, लॅबमध्ये रिपोर्ट वाचून डोलावते तशी. दुकानात जाऊन रामभाऊंकडून एक जुनं चाक मागितलं. नियम खोडलेला होता, तरी त्यांनी दिलं. ते बसवून ती पोशीरच्या रस्त्याला लागली.

योगेंद्र ढाब्यासमोर चाक घेऊन उभा राहिला. त्याचंच चाक. त्याच्याकडे आता ते बसेल अशी सायकल नव्हती.