जाळीवरचा आडवा पट्टा

“उद्या भंगारवालो येऊंदे, ही सायकल तेका देऊनच टाकतलंय!”

भिकाजी आजोबांनी निलेशच्या सायकलच्या चाकातून साखळी ओवली, तिला कुलूप घातले आणि किल्ली सदऱ्याच्या खिशात टाकली.

“आजोबा, मी उत्तराला ढकललं नाही! ती आपोआप पडली!”

“रस्त्यार आपोआप कोण पडता? गप रव!”

आजोबा पाठ फिरवून जिना चढू लागले. मे महिन्याची सुट्टी नुकतीच लागली होती, आणि निलेशची सुट्टी तिथेच संपली.

चारकोपमधल्या त्यांच्या सोसायटीच्या फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेने सायकलींसाठी वेगळी मार्गिका आखलेली होती. आखलेली म्हणजे काय, एक लांबच लांब पांढरा पट्टा ओढला होता, एवढेच! याच मार्गिकेत परवा निलेशची धाकटी बहीण उत्तरा सायकलसकट उलटली आणि तिचा हात मोडला. निलेश तिच्या मागून येत होता. बघ्यांनी लगेच ठरवून टाकले, की शर्यतीच्या नादात त्यानेच तिला पाडले. सोसायटीचे सेक्रेटरी देवदत्तकाका याहून पुढे गेले. ‘ही मार्गिकाच पुसून टाका,’ अशी मागणी करण्यासाठी त्यांनी आज संध्याकाळी सर्व रहिवाशांना रस्त्यावर बोलावले होते.

“उत्तरा नक्की काय म्हणाली?” ऋतिकाने विचारले. ती निलेशच्याच मजल्यावर राहत होती आणि वयाने त्याच्याहून वर्षाने मोठी होती.

“चाक एकदम थांबलं आणि मी उडाले, असं म्हणाली. पण लहान मुलीचं कोण ऐकतंय?”

“आपण ऐकू या,” ऋतिका म्हणाली. “मितेश, तुझी सायकल घे. चल रे निलेश, रडका चेहरा करू नकोस!”

मितेश निलेशच्याच वर्गातला. “माझी सायकल कशाला? तिला पण भंगारात पाठवायचंय का?” असे कुरकुरत तो निघाला.

उत्तरा जिथे पडली, तिथे अल्पेशभाईंचे गाड्या धुण्याचे दुकान होते. दुकानावर ठळक अक्षरांत पाटी होती: ‘आमच्याकडे ‘नाही’ नाही!’ धुऊन झालेल्या आणि धुवायच्या गाड्या थेट सायकलींच्या मार्गिकेत उभ्या होत्या. मोकळी होती ती फक्त पट्ट्यालगतची चिंचोळी जागा, आणि नेमकी तिथेच पावसाळी गटाराची लोखंडी जाळी होती.

“ए टोळी! फुटा इकडून!” अल्पेशभाई आतूनच ओरडले. “सायकल चालवायची तर गार्डनमध्ये जावा! रस्ता काय तुमच्या बापाचा आहे?”

“तुमचा तरी कुठे आहे, काका?” मितेश पुटपुटला. ऋतिकाने त्याला कोपराने ढोसले.

तिने मितेशची सायकल हाताने ढकलत जाळीवर नेली. खट्! पुढचे चाक दोन गजांच्या मधल्या फटीत शिरले आणि रुतून बसले.

“बापरे!” निलेश ओरडला. “असंच झालं असणार! पण ऋतिका, गेल्या आठवड्यात मी इथूनच दहादा गेलो. तेव्हा चाक अडकलं नव्हतं!”

ऋतिका उकिडवी बसून जाळी निरखू लागली. जाळीचे गज रस्त्याच्या दिशेने, उभे होते. म्हणूनच चाक फटीत जात होते. गज आडवे असते, तर चाक त्यांच्यावरून सहज गेले असते. मग तिचे लक्ष पांढऱ्या पट्ट्याकडे गेले. रस्त्यावरून सरळ येणारा पट्टा जाळीपाशी तुटत होता, आणि जाळीच्या पलीकडे पुन्हा सुरू होत होता. जाळीवरही पांढरा रंग होता. पण तो पट्टा आडवा होता, भलत्याच दिशेला!

“रंगाऱ्याला चक्कर आली होती काय?” मितेश म्हणाला.

“रंगाऱ्याने सरळच ओढला होता. नंतर जाळी फिरली! ही कॅरम बोर्डासारखी चौकोनी आहे, कशीही बसते. कुणीतरी ती उचलली आणि परत ठेवताना चुकीच्या बाजूने बसवली!”

जाळीच्या खोबणीत साबणाचा फेस होता. तिघांनी एकाच वेळी दुकानाकडे पाहिले.

ते धावत देवदत्तकाकांकडे गेले. काकांनी सगळे ऐकले आणि कपाळाला आठ्या घातल्या.

“जाळी फिरते? पंखा आहे का ती? स्वतः दंगा करायचा आणि दुसऱ्यांवर आळ घ्यायचा! संध्याकाळी तोंड उघडलंत तर याद राखा!”

बाहेर येताच निलेश जिन्यावर मटकन बसला. “वाट लागली! अल्पेशभाई कबूल थोडेच करणार?”

ऋतिका मात्र विचारात गढली होती. “त्यांच्या दुकानावरची पाटी वाचलीस ना? आपण त्यांना फक्त एक ‘नाही’ ऐकवायचं!”

संध्याकाळी रस्त्यावर गर्दी जमली. भिकाजी आजोबा उत्तराचा धड हात धरून उभे होते. निलेशकडे त्यांनी पाहिलेसुद्धा नाही.

“ही मार्गिका धोक्याची आहे,” देवदत्तकाका म्हणाले. “ती जायलाच हवी.”

“एकदम करेक्ट!” अल्पेशभाईंनी सूर मिळवला. मार्गिका गेली, की ती सगळी जागा त्यांच्या गिऱ्हाइकांच्या गाड्यांना मोकळी होणार होती!

“अल्पेशकाका, ही जाळी पहिल्यापासून अशीच आहे?” ऋतिकाने मोठ्याने विचारले.

“अशीच! रस्ता झाला तेव्हापासून कोणी हात पण लावला नाही!”

तेवढ्यात मितेश आणि निलेशमध्ये भांडण जुंपले.

“अरे, ही जाळी जाम झालीय! क्रेनशिवाय निघायची नाही!” मितेश ओरडला.

“अल्पेशकाका काढतील की!”

“हट्! त्यांना नाही जमणार!”

“त्यांच्या पाटीवर लिहिलंय, ‘नाही’ नाही!”

“पाटीवर काय, काहीही लिहितात! नाही म्हणजे नाही!”

लोक हसले. अल्पेशभाईंचा चेहरा लाल झाला.

“कोण बोलला नाही जमणार? राजेश! आकडा घेऊन ये! अरे, रोज सकाळी उघडतो आपण ती! दाखव या पोट्ट्यांना!”

कामगार राजेशने लोखंडी आकडा एका कोपऱ्यात अडकवला आणि सराईतपणे हिसका दिला. जाळी गर्रकन फिरत बाजूला सरकली. खाली काळा चिखल, फेस आणि शाम्पूच्या पुड्यांचा ढीग होता! लोकांनी नाकाला रुमाल लावले.

“झालं? लाव परत!” अल्पेशभाई ऐटीत म्हणाले.

राजेशने जाळी तशीच ओढत खोबणीत बसवली. यावेळी ती आणखी एक पाव वळण फिरून बसली होती. जाळीवरचा आडवा पट्टा सरळ झाला आणि रस्त्यावरचा तुटलेला पट्टा दोन्ही बाजूंनी अचूक जुळला! मितेशने आपली सायकल तिच्यावरून ढकलली. चाक अलगद पार झाले.

अल्पेशभाई चाचरत म्हणाले, “म्हणजे... रोज रोज कोण बघतो, कशी बसली ते?”

“मी बघते आता,” उत्तरा म्हणाली आणि तिने प्लास्टरमधला हात पुढे केला.

भिकाजी आजोबांचा आवाज चढला. “सांगा सेक्रेटरीसाहेब! माझ्या नातवान ढकलल्यान हिका?”

देवदत्तकाकांची मान खाली गेली. “चूक झाली आमची. मुलांनो, तुम्ही जे पाहिलंत, ते आम्ही कुणीच पाहिलं नाही. शाबास! मार्गिका पुसायची मागणी रद्द.”

“एवढ्यावर भागणार नाही, काका,” ऋतिका ठामपणे म्हणाली. “या गाड्यांमुळे आम्हाला जाळीवरून जावं लागतं. त्यातली ती करडी गाडी तुमची आहे. रंगाच्या पट्ट्याला कुठलीच गाडी घाबरत नाही, दगडाला घाबरते! मार्गिकेच्या कडेने उंच कठडा हवा, आणि जाळी बोल्टने पक्की बसवायला हवी. मागणी करायची तर ती करा!”

“हो, हो! हीच मागणी करा!” गर्दीतून आवाज उठले. देवदत्तकाकांनी खिशातून चावी काढली आणि ते निमूटपणे आपल्या गाडीकडे चालू लागले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकापाशी आरोळी आली, “भंगारवाला!”

निलेश दचकून खिडकीशी धावला. खाली भिकाजी आजोबा सायकलजवळ वाकले होते. त्यांनी कुलूप उघडले, चाकातून साखळी सोडवली आणि दोन्ही वस्तू भंगारवाल्याच्या हातगाडीत फेकल्या.

“ह्या घेऊन जा,” ते म्हणाले. “सायकल माझ्या नातवाची आसा.”