फुलपाड्याची फिरती चौकट

गुरुत्वाकर्षण हा विश्वातला सर्वांत निःपक्षपाती नियम आहे. राव असो वा रंक, तो कुणालाच सोडत नाही. चंदनसारला आमच्या इमारतीत मात्र गच्चीवरच्या टाकीतलं पाणी चौथ्या मजल्यावर उतरवायला तो सकाळी साडेसहा ते सात एवढाच वेळ येतो. बाकी दिवसभर रजेवर.

माझं पोट हा नियम चुकवण्यावर चालतं. फुलपाड्यात एका संस्थेच्या दुसऱ्या मजल्यावर माझी प्रयोगशाळा आहे. माणूस अंतराळात गेला तर त्याच्या मूलपेशींचं काय होतं, त्यातून हाड, मज्जा, कातडी नीट घडते का, हे आम्ही विरारमध्ये बसून पाहतो. वर जायची गरज नसते. एकात एक बसवलेल्या दोन चौकटी, मधे जेवणाच्या डब्याएवढी काचेची पेटी, आणि ती सगळ्या बाजूंनी सावकाश फिरवत राहायची. आतल्या पेशींना ‘खाली’ कुठे आहे ते कळूच द्यायचं नाही.

मूलपेशी नाळेतून मिळतात. ऑगस्टमध्ये माझी मुलगी इशिता पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली, तिला मुलगी झाली, आणि नाळेवर घरात दोन दावे दाखल झाले.

“नाळ जमिनीत पुरतात,” माझी बायको आशालता म्हणाली.

“अगं, चौथ्या मजल्यावर जमीन कुठली आणू?”

“कुंडीत पुरेन. तुमच्या त्या प्रिस्काला सांगा, होळी गावाहून, त्यांच्या वाडीतली माती आण म्हणावं.”

प्रिस्का माझी सहायक. तिच्या वडिलांची होळीला केळीची वाडी आहे. तिनं स्कूटरवरून दोन पिशव्या माती आणली. अर्धी नाळ कुंडीत गेली, वर कढीपत्ता लागला, आणि तो आमटीत घालायचा नाही अशी मला ताकीद मिळाली. उरलेली अर्धी, इशिताच्या सहीनिशी, फुलपाड्याला आली, आणि तिच्यातल्या पेशी पेटीत फिरू लागल्या.

बाळाला आम्ही पिंकी म्हणतो. पिंकी शांत होती. फार शांत. तान्ही मुलं खाली ठेवताना दचकतात, हात फेकतात. पडण्याची भीती माणूस जन्माला येतानाच घेऊन येतो. पिंकीनं ती आणली नव्हती. आंघोळीनंतर आशालता तिला वर उडवून झेलायची. पिंकी वर जायची, खाली यायची, चेहऱ्यावर काहीच नाही. टपाल खात्यातला माणूस जसा बढती आणि बदली एकाच चेहऱ्यानं घेतो, तशी.

“किती गुणी गं बाई!” शेजारणी म्हणायच्या.

नोव्हेंबरच्या एका शुक्रवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी इशिताचा फोन आला.

“बाबा, पिंकी कसंतरीच करतेय. ती... पडतेय.”

“गादीवरून पडली?”

“नाही हो! गादीवरच आहे. गादीवरच पडतेय.”

मागे रडणं ऐकू येत नव्हतं. फक्त आत ओढलेले श्वास, एकामागून एक.

फुलपाड्यातली वीज गेली होती. शुक्रवारी दुरुस्तीसाठी जातेच. चौकटी थांबलेल्या होत्या. मी दाराशी चप्पल शोधतोय तोवर वीज आली, चौकटी फिरू लागल्या, आणि इशिता म्हणाली, “थांबली. थांबली, बाबा.”

घरी वीज गेलीच नव्हती. मी विचारून घेतलं.

पुढच्या शुक्रवारी एक वाजून पन्नास मिनिटांनी पुन्हा तेच. योगायोग दोनदा होऊ शकतो, असं मी विद्यार्थ्यांना सांगतो. म्हणून सोमवारी मी घरी व्हिडिओ कॉल लावला, नातीला बघायचंय म्हणालो, आणि कुणाला काही न सांगता चौकटींचं बटण बंद केलं.

पिंकीचे दोन्ही हात बाजूला फेकले गेले. बोटं फाकली. तोंड उघडलं, आवाज नाही.

मग तिचं विरळ जावळ डोक्यावर सरळ उभं राहिलं. खालून जोराचा वारा यावा तसं.

खोलीतला पंखा बंद होता.

“अहो, हिचे ओठ बघा!” आशालता ओरडली. ओठ निळे पडत होते.

मी बटण दाबलं. जावळ खाली बसलं.

अकरा सेकंद. नोंद एकच आहे. ती पुन्हा घेतलेली नाही.

त्याच दिवशी मी इन्व्हर्टर बसवून घेतला आणि प्रिस्काला बजावलं, की नातीच्या पेशींना दिवसातून दोनदा खाद्य द्यायचं, एकही मरता कामा नये.

“कुठल्या पेशी, सर?”

“पेटीतल्या.”

“त्या तर नऊ ऑक्टोबरलाच टाकून दिल्या ना. बुरशी लागलेली. रजिस्टरमध्ये लिहिलंय. खाली तुमची सही पण आहे.”

सही होती. मी रजिस्टर वाचत नाही, सह्या करतो.

“मग आत काय आहे?”

“काहीच नाही. फार दिवस बंद ठेवलं की मोटर जाम होते, म्हणून रिकामंच फिरवत ठेवलंय.”

मी पेटीपाशी जाऊन पाहिलं. काच स्वच्छ होती, आत कोरडं. वर, खाली, आडवं, पुन्हा वर.

“बंद करू का, सर?”

“नको,” मी म्हणालो. फार मोठ्यानं म्हणालो असणार. ती दोन पावलं मागे सरली.

आता प्रकल्पाची मुदत संपली आहे. मशीन संस्थेची मालमत्ता. ते पुण्याच्या कचेरीत जमा व्हायचं. मुदतवाढीच्या अर्जात ‘कारण’ या रकान्यात मी तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं. शेवटी ‘शास्त्रीय’ एवढंच ठेवलं. अर्ज फेटाळला गेला. तपासणीत पेटी रिकामी आढळली.

घरी कुणाला सांगितलेलं नाही. पिंकी आता पालथी पडते, कुशीवर वळते. आशालता येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकानं दाखवते.

सोमवारी दहाला टेम्पो येणार आहे. वाटेत चौकटी हलू नयेत म्हणून त्या दोरीनं घट्ट बांधून नेतात.