खेकडी आणि नांगर

त्याचा आवाज मी पाठमोरीच ओळखला, आणि हातातला मिक्सर सुटता सुटता राहिला.

रत्नागिरीच्या राम आळीतलं ते दुरुस्तीचं दुकान. मे महिन्यातली घामट सकाळ. शनिवारी माझ्या थोरल्या बहिणीचं, करुणाताईचं लग्न होतं. मुंबईचे पाहुणे घरी उतरलेले, आणि ऐन वाटणाच्या वेळी मिक्सरने धूर सोडला. "रेणुका, पळ!" आई ओरडली. त्या आठवड्यात माझं नावच 'रेणुका पळ' झालं होतं. मांडववाल्याकडे पळ, शिंपिणीकडे पळ, आता मिक्सर घेऊन पळ.

मी काउंटरपाशी पोहोचले, तोच मागून कुणीतरी दुकानदारकाकांना म्हणालं, "पंखा नवा नको काका, आहे तोच जोडून द्या. नीट जोडलेलं टिकतं… फक्त जोडणाऱ्याला घाई नको."

हेच वाक्य, असंच मध्ये थांबत… मी वर्षभर हेडफोनमधून ऐकत होते. हा नांगर होता!

नांगर म्हणजे खेळातला माझा सोबती. आम्ही दोघं ऑनलाइन खेळ खेळायचो, पण लढाया मारामाऱ्या आमच्या कामाच्या नव्हत्या. आम्हाला वेड होतं ते क्राफ्टिंगचं. खाणीतून लोखंड आणायचं, रानातून लाकूड तोडायचं, आणि त्यातून होड्या, हत्यारं, औषधं घडवायची. प्रत्येक खेळाची घडवण्याची रीत वेगळी. कुठली रीत चांगली, यावर आम्ही दर रविवारी मराठी खेळाडूंच्या ग्रुपवर तासभर भांडायचो, आणि बाकीचे ऐकत बसायचे. तिथे तो 'नांगर' आणि मी 'खेकडी'. नाव-गाव विचारायचं नाही, फोटो मागायचा नाही, हा नियम माझा. त्याने कधी मोडला नव्हता. तो रत्नागिरीत असेल, माझ्या मागे दोन हातांवर उभा असेल, असं स्वप्नातही नव्हतं.

मी बोलले असते तर त्यानेही मला ओळखलं असतं. म्हणून मी तोंडच उघडलं नाही.

"काय झालंय ताई?" दुकानदारकाकांनी विचारलं.

मी मिक्सरकडे बोट दाखवलं. मग हाताने धूर काढून दाखवला.

काकांचा चेहरा मऊ झाला. "बोलता येत नाय काय गो बाय?"

मी मान डोलावली.

"मोटर जळली असणार काका, वास येतोय," तो पुढे होत म्हणाला. सावळा, उंच, मनगटावर ग्रीसचा काळा पट्टा. त्याने माझ्यासाठी स्टूल पुढे सरकवलं आणि हातवारे करत, अगदी सावकाश, शब्द शब्द तोडून म्हणाला, "बसा… इथे… पंखा… आहे." इतक्या मायेने म्हणाला, की मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं.

आणि फोन वाजला. कमलाआत्या. मी कापला. पुन्हा वाजला, पुन्हा कापला. तिसऱ्यांदा कापायला गेले आणि घामाच्या बोटाने उचललाच गेला. आत्याचा आवाज दुकानभर. "रेणुका! अगो मेलीस कुठे? खोबरं तसंच पडलंय!"

"आले… आत्या, आले ना!"

काकांचा स्क्रू ड्रायव्हर हवेतच. आणि त्याचे डोळे… ते हळूहळू मोठे होत गेले.

"खेकडी?"

मी मिक्सर तिथेच टाकला आणि पळाले.

*

दुपारी घर जेवून आडवं झालं तेव्हा मी गच्चीवर गेले. खाली मांडवाचं निळं-पांढरं कापड वाऱ्याने फुगत होतं. मोबाइलवर त्याचा मेसेज होता.

'मुकी मुलगी माझ्या शेजारी उभी राहून बोलायला लागली. दुकानदारकाका मला बुवा समजतायत.'

हसू आलं. तो पुढे लिहीत होता.

'पळालीस पण तिरकीच. नाव शोभतं.'

'तू नांगर कसा? मला वाटायचं शेतकरी असशील.'

'शेतातला नाही गं, होडीतला! मी हर्ण्याचा. शुभंकर. मिरकरवाड्यात बोटींच्या इंजिनांची कामं करतो. खाली माझा नंबर. तुझा नियम मोडला… पण आता मी तुला बघितलंय, तर तुलाही काहीतरी मिळायला हवं.'

मी खूप वेळ त्या नावाकडे बघत बसले. मग घाबरून नेहमीच्या विषयावर आले. 'परवाचं भांडण अर्धं राहिलंय. ज्या खेळात वस्तू घडवताना फसली की सगळा माल जातो, तो खेळ दुष्ट आहे.'

'आणि तुझ्या आवडत्या खेळात? फसलं तरी माल परत. कुणाचं काहीच जात नाही. मग हात कशाला थरथरेल?'

'हात थरथरणं चांगलं असतं का?'

'आज सकाळी माझा थरथरत होता,' त्याने लिहिलं. 'वाईट नाही वाटलं.'

मी मोबाइल छातीशी धरला. आणि त्याच क्षणी खालून कमलाआत्याचं हसणं ऐकू आलं, तसा तो पुन्हा दूर ठेवला.

कमलाआत्या. बाबांची धाकटी बहीण. तिने प्रेमात पडून लग्न केलं होतं, आपल्या जातीबाहेर. आमच्या घरी सगळ्यांना ठाऊक होतं की ती सासरी वर्षभर नांदली, आणि त्या वर्षभरात तिला स्वयंपाकघरात पाऊल टाकू दिलं नाही. तिचं ताट वेगळं, तिचा पेला वेगळा. नवरा जेवायला आत बसायचा, ती पडवीत. एक दिवस पिशवी घेऊन ती परत आली, आणि अभयदादा, माझा भाऊ, तेव्हा दहावीत होता. त्याने ते सगळं पाहिलं. तेव्हापासून आमच्या घरात 'प्रेम' हा शब्द कुणी मोठ्याने काढत नाही.

म्हणून तर माझा तो नियम होता. खेळात मला आडनाव नव्हतं. तिथे मी फक्त खेकडी होते, घडवण्यात पटाईत, भांडण्यात त्याहून पटाईत. आडनाव कळल्यावर बोलण्याचा सूर कसा बदलतो, हे मी कॉलेजात, बँकेत, भाड्याच्या खोल्या शोधताना ऐकलं होतं. नांगरच्या आवाजातला तो बदल मला ऐकायचा नव्हता.

*

दुसऱ्या दिवशी मिक्सर आणायला मला जावंच लागलं. तो दुकानाच्या पायरीवर बसला होता, मांडीवर आमचा मिक्सर.

"तुझं काम नाही का आज?"

"आहे. एक बोट बंद पडलीय, मालक शिव्या देतोय." तो उठला. "कोकम सरबत पितेस? मग जातो शिव्या खायला."

शेजारच्या टपरीवर आम्ही उभे राहिलो. तो बोलताना ग्लास फिरवत राहायचा. मी त्याच्याकडे बघायचे, त्याने बघितलं की रस्त्याकडे. आवाज वर्षाचा ओळखीचा, चेहरा दोन दिवसांचा, आणि दोन्ही एकाच माणसाचे… हे जुळवतानाच माझी तारांबळ उडत होती.

"हेडफोनमध्ये तू एवढी भांडतेस," तो म्हणाला, "आणि इथे एकदम गरीब गाय."

"इथे म्यूट करायचं बटण नाही ना."

"मी कधी केलंय तुला म्यूट?"

नाही केलं. कधीच नाही.

"रेणुका," तो म्हणाला. नाव चाखून बघावं तसं. "आत्या ओरडल्या तेव्हाच कळलं. रेणुका… काय?"

त्याने अगदी सहज विचारलं होतं. कुणीही विचारतं. पण मी ग्लास टपरीवर ठेवून दिला. आणि नेमकी समोरून अभयदादाची मोटरसायकल आली, मागे केळीच्या पानांचा भारा. त्याने पाहिलं. थांबला नाही, पण पाहिलं.

"मला जायला हवं," मी मिक्सर ओढून घेतला.

"काही चुकलं का माझं?"

"नाही. तुझं नाही."

घरी अभयदादाने केळीची पानं उतरवली आणि माझ्याकडे न बघता आत गेला. ते न बघणंच जास्त भयंकर होतं. मी गच्चीवर गेले आणि एका दमात लिहिलं, कारण थांबले असते तर लिहिलंच नसतं.

'रेणुका सुहास कांबळे. आमच्या मांडवाला निळी झालर आहे, दारात बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर आहे. माझ्या आत्याला तिच्या सासरी ताट वेगळं होतं. तुझ्या घरी काय आहे, मला माहीत नाही. म्हणून आडनाव सांगत नव्हते. आता तुझं तू ठरव.'

त्याने वाचल्याची खूण आली.

उत्तर आलं नाही.

संध्याकाळी नाही. दुसऱ्या दिवशी सकाळीही नाही. ग्रुपवर त्याच्या नावापुढचा हिरवा ठिपका गेला. फोन लावायचं धाडस झालं नाही. एकदा झालं, तर फोन बंद. मी नारळ खवले, पाहुण्यांच्या अंघोळीचं पाणी तापवलं, ताईच्या पदराला पिना लावल्या, आणि प्रत्येक कामात एक डोळा मोबाइलवर. असंच होणार होतं, हे तर मला ठाऊकच होतं. मग एवढं दुखतंय कशाला?

हळदीच्या वेळी कमलाआत्या माझ्या गालाला हळद लावता लावता थांबली.

"कोण तो?"

"कोण नाही गं."

"माझ्याशी खोटं बोलू नको बाय. हा चेहरा मी आरशात बघितलाय." तिने मला अंगणाच्या कडेला नेलं. हळदीचे हात तसेच. मी सगळं सांगितलं. खेळापासून बंद फोनपर्यंत.

आत्या तिथल्याच दगडावर टेकली.

"माझा नवरा वाईट नव्हता गो," ती म्हणाली. "भित्रा होता. मला उंबऱ्यावर उभी केलान, आणि मग घरात जाऊन सांगितलान. मी बाहेर उभी, आत रडारड. तुझा हा… आत्ताच पळाला असेल तर बरं झालं समज. लग्नानंतर पळालेला नवरा त्याच घरात राहतो."

ती हात धुवायला गेली. मी तिथेच उभी राहिले, गालावरची हळद वाळेपर्यंत.

*

शनिवारी मांडवात पांढऱ्या कपड्यांची गर्दी झाली. ताई पांढऱ्या साडीत इतकी देखणी दिसत होती, की आई सारखी डोळे पुसत होती. मी फुलांचं तबक घेऊन दाराशी आले, आणि तिथेच थांबले.

फाटकाशी शुभंकर उभा होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात कापडी पिशवी, आणि चेहरा पार उतरलेला. आडनाव आणि मांडव विचारत विचारत पोहोचला असणार. मी पोहोचायच्या आत कमलाआत्या त्याच्यापाशी पोहोचली. कसं ओळखलं तिने, देव जाणे.

"तूच काय तो?"

"हो." त्याने नमस्कार केला.

"दोन दिवस कुठे होतास?"

"हर्ण्याला. घरी." त्याने माझ्याकडे पाहिलं, पण उत्तर आत्यालाच दिलं. "आईला आणि दादाला सांगायला गेलो होतो. रेणुकाला काहीही म्हणायच्या आधी त्यांना सांगायचं होतं."

आत्याचा हात पदराशी गेला. ती नुसती त्याच्याकडे बघत राहिली, जणू तो तिला फार लांबून दिसत होता. मग वळली आणि मांडवात गेली. आमच्या दोघांसाठी ती जागा सोडून गेली, हे मला नंतर कळलं.

"एक शब्द लिहिता आला नाही तुला?" माझा आवाज फुटला. "एक?"

"लिहिलं असतं तर तू म्हणाली असतीस, नको जाऊ."

"म्हणालेच असते!"

"म्हणून फोन बंद ठेवला. खरं तर… घाबरलो होतो गं. तू नको म्हणाली असतीस तर मला बरंच वाटलं असतं, असा घाबरलो होतो."

"काय म्हणाले ते?"

त्याने खाली पाहिलं. "दादा म्हणाला, गावात तोंड दाखवू नको. आई रात्रभर बोलली नाही. निघताना हातात ही पिशवी दिलीन. सुकट आहे. माझ्या एकट्यासाठी कधी एवढी देत नाही." तो कसंनुसं हसला. "कुणासाठी, ते बोलली नाही. मीपण विचारलं नाही. पुढे काय होईल, मला खरंच माहीत नाही, रेणुका. पण ताट वेगळं असेल त्या घरात मी तुला नेणार नाही. मीही तिथे जेवणार नाही. एवढंच ठरवून आलोय."

मांडवातली सनईची टेप बंद झाली. लोक उभे राहायला लागले.

"आणि तू मला आवडतेस," तो घाईघाईने म्हणाला. "ते सांगायचं राहिलं. आवाज ऐकला तेव्हापासूनच. भांडताना तर फारच."

मला हसू आणि रडू एकदमच आलं. "लग्नात कुणी सुकट घेऊन येतं का?"

"तू उत्तर दे ना आधी…"

"मलाही," मी म्हणाले. "मलाही, शुभंकर."

"रेणुका."

अभयदादा मागे उभा होता. किती वेळ, कोण जाणे. त्याचा जबडा घट्ट मिटलेला. तबकातली फुलं थरथरताना मला दिसत होती. अजूनही म्हणता आलं असतं, ओळखीचा आहे, मिक्सरवाला आहे, कुणीही आहे.

"दादा, हा शुभंकर. हर्ण्याचा. मला आवडतो, आणि त्याने त्याच्या घरी सांगितलंय. मी आज बाबांना सांगणार आहे."

दादा त्याच्याकडे बघत राहिला. शुभंकरने नजर झुकवली नाही, पण त्याच्या कपाळावर घाम जमला होता. आतून लग्न लावणाऱ्या भंतेजींचा आवाज आला, सर्वांनी उभं राहावं.

"नंतर बोलू," दादा कोरडेपणाने म्हणाला. "मला खूप विचारायचंय याला." तो दोन पावलं गेला, आणि वळला. "बाहेर काय उभा राहिलायस? वंदना सुरू होतेय. ती पिशवी ठेव बाजूला, आणि हात जोडून आत उभा राहा."

शुभंकर आत गेला आणि अभयदादाच्या शेजारी उभा राहिला. त्याला वंदनेचे शब्द येत नव्हते. त्याने नुसते हात जोडले आणि डोळे मिटले. पलीकडून कमलाआत्या त्याच्याकडे बघत होती, आणि मी फुलांचं तबक घेऊन ताईच्या मागे जाऊन उभी राहिले.