पहाटे पाचची गाडी

ही गोष्ट खरी आहे. ज्यांना पटणार नाही, त्यांनी सोडून द्यावी. मी स्वतः तिथं होते.

दीड वर्षापूर्वीची, पौषातली गोष्ट. गाव येरमाळा.

मी राजेश्वरी. इथल्या शाळेत शिकवते आणि बिभीषण मामाकडं राहते. मामानं एसटीच्या वर्कशॉपात तीस वर्षं काढली. रिटायर झाल्यावर त्याला एकच हौस होती... जुनी अँबॅसिडर.

आमच्याच जिल्ह्यातल्या वाशीकडच्या एका गावात मिळाली. पांढरी, पन्नास वर्षांची. मामानं घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लावली आणि कुलूप घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी चालू होईना.

चावी फिरवून सेल्फ मारला की नुसतं खर्र... खर्र... इंजिन पकडायचंच नाही.

मामा हसला. "म्हातारं माणूस हाय. गारठलंय."

त्यानं पॉइंट घासले. कार्बोरेटर खोलून धुतला. नवे प्लग घातले. नवी बॅटरी बसवली. संध्याकाळी गाडी झकास चालली.

सकाळी पुन्हा बंद.

प्लग काढले, तर पेट्रोलनं चिंब भिजलेले. बॅटरी उतरलेली.

आणि चोकचा दांडा, थंडीत गाडी चालू करताना ओढतात तो... पूर्ण बाहेर ओढलेला.

"राजे, तू हात लावला व्हय?"

"नाही मामा. शेडला कुलूप आहे की."

मामानं कुलूप हातात घेऊन निरखलं. मग म्हणाला, "गाडीत काय बी बिघाड न्हाय. कुणीतरी चोक ओढून सेल्फ मारतंय... मारतंय... बॅटरी उतरंपर्यंत."

त्या रात्री त्यानं गाडीची आणि कुलपाची, दोन्ही चाव्या उशाखाली घेतल्या.

पहाटे पाचला मला जाग आली.

खर्र... खर्र... खर्र...

मी परसात धावले. मामा आधीच तिथं उभा होता. दोन्ही चाव्या त्याच्या मुठीत होत्या.

शेडचं कुलूप जसंच्या तसं.

आम्ही पत्र्याच्या फटीतून बघितलं. डॅशबोर्डवरचा लाल दिवा मिणमिणत होता. आत कुणी नव्हतं.

ड्रायव्हरची सीट मात्र... दबलेली होती.

त्याच दिवशी आम्ही बसनं गाडीच्या जुन्या मालकाकडं गेलो. रेवणसिद्ध नाव त्याचं. त्यानं मामाचं तोंड बघितलं आणि काही न विचारताच खाली बसला.

"गाडी माझ्या अप्पांची. महालिंगप्पांची," तो म्हणाला. "असंच थंडीचं दिवस हुते. पहाटं पाचला अव्वाच्या, माझ्या आईच्या, छातीत कळ आली. अप्पांनी तिला मागच्या सीटवर निजवलं. धाराशिवला दवाखान्यात न्यायचं हुतं..."

"मग?"

"गाडी चालू झाली न्हाय."

त्यानं खांद्यावरचा टॉवेल तोंडावरून फिरवला.

"अव्वा गेली. तरी अप्पा चावी फिरवतच हुते. 'इरम्मा, निघालोच बघ... निघालोच...' असं म्हणत. आमी हात धरला तवा थांबले. दोन वर्षांनी ते बी गेले." त्यानं हात जोडले. "तुमाला सांगाया पायजे हुतं. चुकलं माजं. गाडी माघारी आणून सोडा."

मामानं मान हलवली. "न्हाय. जन्मभर बंद गाड्या चालू केल्या म्या. ही बी करतो."

त्या संध्याकाळी मामानं प्लग वाळवून बसवले. बॅटरी चार्ज केली. चोकची तार नीट लावली. शेडचं दार सताड उघडं ठेवलं आणि चावी गाडीतच सोडली.

अयोध्या मामी आली. तिनं मागच्या सीटवर गोधडीची घडी ठेवली.

पहाटे आम्ही तिघं स्वयंपाकघरात बसून राहिलो.

पाच वाजले.

खर्र...

आणि इंजिननं पकडलं! एका सेल्फात.

गाडीचं दार लागल्याचा आवाज आला. गिअर पडला. आवाज शेडमधून निघाला, घराला वळसा घालून रस्त्यावर गेला... धाराशिवच्या दिशेनं... लांब... आणखी लांब...

मग शांत.

आम्ही कंदील घेऊन शेडमध्ये गेलो.

गाडी जागेवरच उभी होती. बॉनेट बर्फासारखं गार.

मागची गोधडी मात्र... घडी मोडून पसरलेली होती.

मामीनं हात जोडले. "गेली गं बाई. सुटली."

मामा लहान मुलासारखा रडला. त्या दिवशी तो दुपारपर्यंत झोपला.

आम्हाला वाटलं, संपलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला... खर्र... इंजिन चालू. दार लागलं. आवाज रस्त्याला लागला.

तिसऱ्या दिवशीही.

आज दीड वर्ष झालं. गाडी आता कधीही एका सेल्फात चालू होते. प्लग कोरडे, बॅटरी भरलेली. बघणारे मामाच्या हाताचं कौतुक करतात. मामा नुसता मान हलवतो. गाडीत मात्र बसत नाही.

परवा पहाटे तो आवाज लांब जाईपर्यंत आम्ही ओसरीवर उभे होतो. मी म्हटलं, "मामा, आता तरी गाडी चालू होते ना. मग कशाची काळजी?"

तो रस्त्याकडंच बघत होता.

"राजे," तो हळूच म्हणाला, "पोचले असते... तर रोज नव्यानं कशाला निघाले असते?"