सव्वानऊचा दूधभात

पटो न पटो, हे घडलेलं आहे. इंदापूर तालुक्यात, वरकुट्यात. गेल्या वर्षी पौषातल्या एका मंगळवारी, लख्ख उन्हात याची सुरुवात झाली.

राजनंदिनी वालचंदनगरच्या कॉलनीत वाढलेली, रसायनशास्त्रात बी.एस्सी. झालेली. तिचं लग्न विजयसिंहशी झालं. तो बिजवर होता. पहिली बायको वारली, असं स्थळ आणणाऱ्यांनी सांगितलं होतं. लग्नादिवशीच सासूनं, छबूबाईंनी, तिच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला टाक घातला. चांदीचा नखाएवढा पत्रा, त्यावर बाईची आकृती. वारलेल्या सवतीचा टाक. दुसरीनं तो मंगळसूत्राशेजारी घालायचा, रोज आधी त्याला घास दाखवायचा, मग स्वतः जेवायचं. तशी रीतच आहे.

टाक पाहिल्यावर माहेरच्यांनी पुढं काही विचारलंच नाही.

सकाळी सव्वानऊला ती टाक देव्हाऱ्यात ठेवून दूधभाताचा नैवेद्य दाखवायची. दीड वर्षात एक दिवस चुकला नाही.

त्या मंगळवारी तिला सहावा महिना होता. दुपारी अनोळखी नंबरवरून फोन आला.

आधी नुसता श्वास…

मग बारीक आवाज. “राजनंदिनी का? मी जयवंता. बावड्यातनं बोलतीय.”

जयवंता म्हणजे टाकातली बाई.

कुणीतरी थट्टा करतंय, असं तिला वाटलं. पण त्या आवाजात राग नव्हता. तो सांगत गेला. सहा वर्षं मूल झालं नाही म्हणून जयवंताला माहेरी, बावड्यात, आणून सोडलं होतं. वरकुट्यात सगळ्यांना ते ठाऊक होतं. आणि दीड वर्षापासून रोज सव्वानऊला तिच्या तोंडात दूधभाताची चव येत होती… मग दिवसभर पाण्याचा घोटही नको व्हायचा. आता कूस बदलायलाही माणूस लागत होतं.

“तेवढा घास बंद कर गं,” ती म्हणाली. “मी जिती हाय.”

राजनंदिनी ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवणारी नव्हती. दुसऱ्या दिवशी कुणाला न सांगता तिनं भातात कडुलिंबाचा पाला वाटून कालवला. नैवेद्य दाखवला. घड्याळाकडं बघत बसली.

एक मिनिट… दोन…

फोन वाजला.

“आज कडू का घातलंस?”

विजयसिंह उसाच्या तोडीवर गेला होता. ती थेट सासूकडं गेली. छबूबाई लसूण सोलत होत्या. जयवंता जिवंत आहे, असं तिनं सांगितलं, तरी त्यांचा हात थांबला नाही.

“मग? पोटात पोर हाय तुज्या. ती जिती हाय म्हनलीस, तर तुजं लगीन कुठलं? अन् पोराला बापाचं नाव कुठलं?” त्यांनी एक पाकळी फुंकून टोपलीत टाकली. “शिकलेली हायस. घास दाखव गुमान.”

पुढच्या सकाळी राजनंदिनीनं टाक टाकून दिला नाही. उलट नैवेद्याला दोन डाव भात जास्तच वाढला.

जयवंताचं लवकर आटपावं म्हणून.

त्यानंतर फोन रोज वाजायचा. ती उचलायची नाही. चैत्रात तो वाजायचा थांबला.

चैत्रातच बारामतीच्या दवाखान्यात तिला मुलगी झाली. बाळंतिणीनं सव्वा महिना देव्हाऱ्यापाशी जायचं नाही. त्यामुळं नैवेद्य बंद. टाक साड्यांखाली कपाटात गेला. बाळ अंगावर छान पीत होतं.

एकविसाव्या दिवशी, सव्वानऊला, बाळानं पिता पिता तोंड फिरवलं.

ओठ हलले… काहीतरी चाखल्यासारखे.

राजनंदिनीनं वाकून वास घेतला. बाळाच्या तोंडाला शिजलेल्या भाताचा वास येत होता.

त्या दिवशी बाळ प्यायलं नाही. रडलंही नाही. दुसऱ्या दिवशी तेच. चार दिवसांत वजन तीन किलोवरून दोन किलो सातशेवर आलं. डॉक्टरांना काही सापडलं नाही.

तिनं स्वतः बावड्याला फोन लावला. जयवंताचा आवाज आता ठणठणीत होता. मध्येच भाकरी चावल्याचं ऐकू येत होतं.

“तू बाळंत झालीस, अन् मला भूक लागली बघ. पोटभर जेवले. उठून सोनाराकडं गेले. बारकासा टाक करून घेतला.” चावणं थांबलं. “पोरीला दूधभात आवडतो का गं?”

राजनंदिनी फोनवरच पाया पडली. शेवटी ठरलं. उद्यापासून दोघींनीही घास दाखवायचा नाही. पण इकडून दाखवला, तर तिकडूनही दाखवला जाईल.

हे तिनं सासूच्या कानावर घातलं. छबूबाई दिव्याच्या वाती वळत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी ती बाळाला मांडीवर घेऊन बसली.

सव्वानऊ झाले.

ओठ हलले नाहीत.

बाळानं तोंड उघडलं आणि प्यायला लागलं. चार दिवसांनी पहिल्यांदा. राजनंदिनीला रडू फुटलं.

तेवढ्यात देव्हाऱ्याकडून उदबत्तीचा वास आला…

छबूबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. “टाक कपाटात ठेवतात व्हय? तुला जमंना, म्हनून मीच दाखवला घास. दीड वरीस घातलंय, आता थोडक्यासाठी कशाला सोडायचं?”

बाळाचं पिणं थांबलं.

मान फिरली… ओठ हलले… आणि इवल्या घशातून गिळल्याचा आवाज आला.

राजनंदिनीनं त्याच दिवशी टाक नीरा नदीत सोडला. आता रोज सव्वानऊला ती बावड्याला फोन लावते. तो घास आपण दाखवला नव्हता, एवढंच तिला जयवंताला सांगायचंय.

पलीकडं फोन वाजत राहतो. कुणी उचलत नाही. तिकडं जयवंता आहे की नाही, तेही कळत नाही.

मांडीवर बाळ मात्र ओठ चाटत असतं.